चौथ्या प्रकरणातली वाक्यं

भद्रावती
८ जुलै २०२४

प्रिय रंजीता,

तुझा फोन बंद लागतो. व्हॉट्सअॅपवर वर्ष झालं, एकच खूण येते. म्हणून शेवटी पेन हातात घेतलं. पत्ता तुझ्या नोंदणी अर्जावरून उतरवला आहे. पोस्टमन तुमच्या गावापर्यंत येतो की एटापल्लीच्या बाजारात कोणाच्या तरी हाती पत्र देऊन मोकळा होतो, देव जाणे. कोणी वाचलं तर वाचलं. यात लपवण्यासारखं काही नाही.

कामाचं आधी. विद्यापीठाचं परिपत्रक आलं आहे. येत्या ३० सप्टेंबरला तुझ्या पीएच.डी.च्या नोंदणीला सात वर्षं होतात. सहा वर्षांची मुदत संपली, एक वर्षाची वाढ घेऊन झाली, आता ब्रह्मदेव आला तरी आणखी मिळणार नाही. त्या तारखेच्या आत प्रबंध विद्यापीठाच्या ऑनलाइन भांडारात चढवला नाही तर नोंदणी रद्द. चढवला की तो आधी बंदच राहतो. तोंडी परीक्षा होऊन पदवी जाहीर झाली की सगळ्या जगाला उघडतो.

तुझा प्रबंध पूर्ण आहे. हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार, त्यातला एकेक स्वल्पविराम माझ्या डोळ्यांखालून गेला आहे. सहा प्रकरणं, दोनशे एकोणचाळीस पानं. तू फक्त सोबतच्या संमतिपत्रावर तीन ठिकाणी निळ्या शाईने सही कर आणि उलट टपाली पाठव. बाकीची धावपळ मी करते. तुझ्यासाठी सहा वर्षं धावले, आणखी दोन महिने धावायला माझे पाय काही मोडत नाहीत.

तू अशी न सांगता का निघून गेलीस, ते मी विचारत नाही. विभागात कोणी विचारलं तर ‘घरची अडचण’ म्हणून सांगते. तुझ्या टेबलावर आता एक मुलगा बसतो. त्याला तळटीप म्हणजे काय हे शिकवण्यात माझा रक्तदाब वाढला आहे. तुला एकदा सांगितलं की पुरायचं.

तुझ्या आईला, बुधरीबाईला, माझा नमस्कार सांग. तिच्या हातच्या आंबिलीची चव अजून जिभेवर आहे. तुझ्या वडिलांना, लालसूभाऊंनाही, विचारलं म्हणून सांग.

तुझी,
डॉ. कमळा बोरकुटे


भद्रावती
२ ऑगस्ट २०२४

प्रिय रंजीता,

संमतिपत्र आलं नाही. पावसात टपाल अडकलं असेल असं धरून चालते.

मध्यंतरी एक भानगड झाली आहे. घाबरू नकोस, निस्तरण्यासारखी आहे. प्रबंध चढवण्याआधी त्याची साम्य तपासणी करावी लागते, म्हणजे मशीन तो आजवर छापलेल्या सगळ्या मजकुराशी ताडून पाहतं. सोमाजीला तू ओळखतेसच. विद्यापीठाच्या ग्रंथालयात भांडाराचं काम बघणारा, तुझ्यासाठी पंख्याखालची खुर्ची अडवून ठेवायचा तो. त्याने तुझी फाइल टाकली. दहा टक्क्यांपर्यंत चालतं. तुझं बारा आलं.

सोमाजी मला म्हणाला, “मॅडम, पोरीनं कॉपी केली काय? चौथं प्रकरण तं पुरंच लाल येऊन राह्यलं.” मी त्याला म्हटलं, मशीनला काय कळतं. तो म्हणाला, “मशीनले नाई समजत, पण कुठून घेतलं थे लिहून देते.” आणि त्याने पडदा माझ्याकडे वळवला.

तुझं चौथं प्रकरण माझ्या लेखाशी जुळतं. गेल्या वर्षी फेब्रुवारीत छापून आलेला, तुमच्या गावच्या मोहाच्या झाडांवरचा. तो लेख तुला ठाऊक आहे, वेगळं सांगायला नको.

तेव्हा असं कर. लाल आलेली सव्वीस पानं सोबत पाठवते आहे. त्यातली वाक्यं फिरव. ‘रुसलेलं झाड उशिरा फुलं टाकतं, म्हणून त्याच्याखाली लहान पोरं खेळायला बसवतात’ असं तू लिहिलं आहेस. तिथे ‘विलंबाने फुलणाऱ्या वृक्षाखाली बालकांना बसवण्याची प्रथा आढळते’ असं कर. शब्द बदलले की मशीन गप्प बसतं. सगळे करतात, यात काही पाप नाही. तुझ्या हाताला आठ दिवसांचं काम आहे.

तुला राग येईल. येऊ दे. आधी काम कर, मग पोटभर रूस.

तुझी,
कमळा बोरकुटे


भद्रावती
२१ ऑगस्ट २०२४

रंजीता,

तुझं पाकीट काल आलं. जाड होतं. उघडताना मला वाटलं, पोरीने शहाणपण केलं. आत मी पाठवलेली सव्वीस पानं होती तशीच होती, पेन्सिलचा एक ठिपकासुद्धा नाही, आणि वर तुझी चिठ्ठी. ती मला पाठ झाली आहे. ‘मॅडम, ही वाक्यं आईची आहेत. तिने माडियात सांगितली, मी मराठीत लिहिली. आई मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये वारली. वाक्यं बदलून द्यायला ती नाही, आणि मला ती बदलायची नाहीत.’

गॅसवर चहा होता, तो उतू जाऊन ज्योत विझली तरी मी उभीच. ह्यांनी येऊन गॅस बंद केला आणि विचारलं, कोण गेलं? मी म्हटलं, एका विद्यार्थिनीची आई. मग मला रडू आलं आणि ते गोंधळले, कारण विद्यार्थ्यांच्या आयांसाठी मी रडत नसते.

जुलैच्या पत्रात मी बुधरीबाईला नमस्कार पाठवला. तेव्हा ती जाऊन अकरा महिने झाले होते. तू ते वाचलंस तेव्हा तुला काय वाटलं असेल, तेच पुन्हा पुन्हा मनात येतं.

‘मला कोणी कळवलं नाही’ असं इथे लिहायला घेतलं होतं. ते खरं नाही. मागच्या दिवाळीच्या सुमारास सोमाजी म्हणाला होता, रंजीताच्या घरी कोणीतरी गेलं म्हणतात. कोण, ते मी विचारलं नाही. आजोबा असतील असं माझं मीच ठरवून टाकलं. विचारलं असतं तर भेटायला यावं लागलं असतं, आणि आले असते तर तुझ्यासमोर बसावं लागलं असतं.

तो लेख कसा छापला गेला, ते एकदा लिहून टाकते. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये माझी पदोन्नतीची मुलाखत होती. त्या वर्षातला एक छापील लेख दाखवणं भाग होतं आणि माझ्याकडे एक ओळ तयार नव्हती. तुझं चौथं प्रकरण तपासायला टेबलावर होतं. मी त्यातून लेख केला आणि वर दोघींची नावं घातली, हे शपथेवर सांगते. मग संपादकांचा फोन आला, की दोन नावं असली तर गुण वाटले जातात, पदोन्नतीसाठी एकटीचं असलेलं बरं. मी म्हटलं, बघा तुम्हीच. एवढंच म्हटलं.

आमच्या वेळी हे असंच चालायचं. माझ्या पहिल्या लेखावर माझ्या सरांचं नाव होतं आणि माझं तळटीपेत. मी कुठे बोभाटा केला? (रडले होते. सावली गावी, माहेरी जाऊन, धानाच्या कोठीमागे बसून.)

अंक आला तेव्हा मी तुला म्हटलं, “आपलं काम छापून आलं बघ.” तू तो नवीन साडी गुंडाळावी तसा कागदात गुंडाळलास आणि म्हणालीस, गावी नेऊन आईला वाचून दाखवते. नाव तू गाडीतच पाहिलं असशील. त्यानंतर तू विभागात पाऊल टाकलं नाहीस. म्हणजे तू का गेलीस हे मी विचारत नव्हते ते मला माहीत होतं म्हणूनच.

चुकलं माझं. पण प्रबंध मागे ठेवू नकोस. भांडण माझ्याशी आहे, पदवीशी नाही. चाळीस दिवस उरले आहेत.

कमळा बोरकुटे


भद्रावती
९ सप्टेंबर २०२४

रंजीता,

शनिवारी मी तुमच्या घरी येऊन गेले. तुला ते माहीत आहे, तरी लिहिते.

चंद्रपूरहून पहाटेची एसटी धरली. आलापल्लीच्या पुढे लोहखनिजाच्या ट्रकांची रांग होती. रस्त्याचा लाल चिखल बसच्या काचांवर उडत होता, बाहेरचं काही दिसेना. एटापल्लीहून काळीपिवळी, आणि शेवटचे पाच किलोमीटर पायी. नाल्याला गुडघाभर पाणी होतं. मागच्या वेळी तू माझा हात धरला होतास आणि म्हणाली होतीस, मॅडम, खाली बघू नका, समोर बघा. या वेळी मी खालीच बघत आले.

लालसूभाऊ ओट्यावर बांबूची टोपली विणत होते. त्यांनी मला लगेच ओळखलं, पाणी दिलं, चटई टाकली. मी विचारलं, रंजीता कुठे आहे?

“पोरगी जंगलात गेली, बाई.”

दाराशी तुझ्या निळ्या पट्ट्यांच्या चपला होत्या. गडचिरोलीच्या बाजारात माझ्यासोबतच घेतलेल्या. जंगलात कोणी अनवाणीही जातं, म्हणून मी काही बोलले नाही. मग आत भांडं सरकल्याचा आवाज झाला. लालसूभाऊंनीही तो ऐकला. आम्ही दोघं एकदम पावसाबद्दल बोलायला लागलो.

तू आत होतीस. मी बाहेर दोन तास बसले. तू जे ऐकलंस ते मीही ऐकलं, पण मला ते माझ्या हाताने लिहायचं आहे.

लालसूभाऊ म्हणाले, “पोरगी थे पुस्तक घेऊन आली. रातच्याले जेवण झाल्यावर समदं वाचलंन, आमच्या बोलीत सांगत सांगत. बुधरी आयकत होती. रुसलेलं झाड आलं का हासे, सुनेचं झाड आलं का हासे. मंग बुधरीनं इचारलं, माहं नाव कुठी हाये? पोरगी म्हणाली, पुढच्या पानावर.”

त्यांनी टोपलीत आणखी एक काडी ओवली.

“मंग बुधरी रोज थे पान उलटून पाहे. तिले वाचता नाई ये, पण पाहे. आल्यागेल्याले दाखवे, का बा इथी माहं नाव हाये. पावसाळ्यात ताप भरला, पाचव्या दिवशी गेली. माती देतानी तिच्या सामानासंगं थे पुस्तकही तिच्यापाशी ठेवलं आमी.”

मग त्यांनी हातातलं काम थांबवलं आणि मला विचारलं, “बाई, खरं सांगा. नाव हाये का?”

मी म्हटलं, “नाही, भाऊ.”

“पोरगी तिच्या समोर खोटं बोलली मंग.”

“माझ्यामुळे बोलली.”

त्यांनी टोपली बाजूला ठेवली. मग म्हणाले, “थे बोलणं तिचं होतं हे लोकायले कसं समजन आता?” रागाने विचारलं नाही. वाट विचारावी तसं विचारलं. मी उठले, आणि ते मला नाल्यापर्यंत सोडायला आले.

रंजीता, मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. संपादकांनी तुझं नाव काढायला सांगितलं नव्हतं. मीच फोन करून काढायला लावलं. गुण वाटले जातील हे मीच त्यांना सांगितलं. आणि बुधरीबाईचं नावही मीच काढलं, कारण तिचं आडनाव दिसलं असतं तर ती तुझी आई हे उघड झालं असतं, आणि मग लेख मुळात कोणाचा असं कोणीतरी विचारलं असतं. म्हणून तिथे मी ‘एका वृद्ध माडिया स्त्रीच्या सांगण्यानुसार’ असं लिहिलं. बुधरीबाई माझ्याहून दोन वर्षांनी लहान होती.

तुमच्याकडची रीत मला तिनेच शिकवली होती. मोह वेचायच्या दिवसांत पाहुणा घरी जेवला तर त्याला एका झाडाची एक सकाळ देतात. त्या सकाळी त्या एका झाडाखाली पडलेली फुलं त्याची, बाकी झाडांना त्याने हात लावायचा नाही. २०१९ च्या मार्चमध्ये तिने मला सुनेचं झाड दिलं. नव्या सुनेला माहेरची आठवण येऊ नये म्हणून पहिली वेचणी तिला देतात, ते. मी पाचोळ्यासकट फुलं उचलत होते आणि ती मला हसत होती. मग तीन दिवस तिने आपल्या दोघींना रानात हिंडवून एकशे सहा झाडांची नावं सांगितली. ती तुला सांगत होती. मी सोबत होते इतकंच. मला दिलेलं झाड एक होतं आणि मी एकशे सहा उचलून आणली.

मी काय करणार आहे ते ऐक. विद्यापीठाला आणि नियतकालिकाला लेखी कळवणार आहे, की लेख तुझा आहे, सांगणं बुधरीबाईचं आहे आणि माझं त्यात काही नाही. मग तपासणीत तो लेख वगळतील आणि प्रबंध चढेल. तू फक्त सही कर. माझ्याकडे बघू नकोस, पण सही कर.

कमळा


चंद्रपूर
१६ सप्टेंबर २०२४

रंजीता,

अर्ज बारा तारखेलाच दिला. प्राचार्यांनी मला बसवून घेतलं आणि दार लावलं. “मॅडम, निवृत्तीला तीन वर्षं राह्यली तुमची, काऊन हे उकरून काढता? पोरीनं तक्रार केली काय?” मी म्हटलं, तक्रार केली असती तर बरं झालं असतं. चौकशी समिती बसेल. पदोन्नती जाईल. ते जाऊ दे.

काल सोमाजीने तुझा अर्ज दाखवला. तू तेरा तारखेला गडचिरोलीला येऊन गेलीस. संमतिपत्रावर सह्या केल्यास, तीन ठिकाणी, निळ्या शाईने. मी त्याच दिवशी त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर होते. सोमाजीने तुला सांगितलं, आणि तू मागच्या जिन्याने गेलीस.

अर्जाखाली तू लिहिलं आहेस, ‘प्रबंधावर डॉ. बोरकुटे यांचे नाव नको. दुसरे मार्गदर्शक तयार आहेत.’ सोमाजीने मान खाली घालून सांगितलं, “तुमचं ना-हरकत पत्र लागते, मॅडम. त्याच्याबिगर समिती मार्गदर्शक बदलत नाई. सव्वीसला बैठक हाये.”

तर हे माझं उत्तर. तुला पहिल्या वर्षी वसतिगृहात कावीळ झाली तेव्हा एकवीस दिवस माझ्या घरून डबा येत होता. निवड समितीतले एक गृहस्थ म्हणाले की या मुलीला प्रबंधाची मराठी झेपणार नाही, तेव्हा मी त्यांच्याशी भर बैठकीत भांडले, आजही ते माझ्याशी बोलत नाहीत. तुझी प्रस्तावना मी चार वेळा परत केली आणि चारही वेळा तुझ्यासोबत बसले. पहिलं, दुसरं, तिसरं, पाचवं, सहावं, या पाच प्रकरणांत मी तुझं काय घेतलं? एका प्रकरणापायी तू मला सातही वर्षांतून खोडून टाकतेस. जणू मी नव्हतेच.

लेख मी परत केला. चूक कबूल केली. आणखी काय पाहिजे? माझं नाव तिथे असण्याचा मला हक्क आहे, तो मी मेहनतीने कमावला आहे.

मी सही करणार नाही.

कमळा बोरकुटे


भद्रावती
२२ सप्टेंबर २०२४

रंजीता,

मागचं पत्र फाडून टाक असं लिहिणार होते. नको, ठेव. माणूस कसा असतो ते कळायला बरं.

सहा दिवस मी ते नाव धरून बसले होते. जेवताना, वर्गात, बसमध्ये, एकच डोक्यात: इतकं केलं आणि पहिल्या पानावर मी नाही. उद्या कोणी ते उघडलं तर त्यांना कळणारच नाही की यात माझं काही होतं. ह्यांना बोलून दाखवलं. ते फॅक्टरीत पस्तीस वर्षं काढलेले, कमी बोलणारे. म्हणाले, “मंग तुले आता समजलं.” आणि उठून दूध आणायला गेले.

समजलं. मला सहा दिवस सहन झालं नाही. बुधरीबाई सहा महिने पान उलटत होती.

ना-हरकत पत्र सोबत जोडलं आहे. एक प्रत मी उद्या स्वतः जाऊन सोमाजीकडे देते, म्हणजे टपालावर अवलंबून राहायला नको. त्या नमुन्यात मार्गदर्शक बदलाचं कारण लिहायला एक ओळ असते. सगळे तिथे ‘वैयक्तिक कारण’ लिहितात. मी लिहिलं, ‘मार्गदर्शकाने विद्यार्थिनीचे व तिच्या आईचे सांगणे स्वतःच्या नावे छापले.’ ओळ पुरली नाही, उरलेलं मागच्या बाजूला लिहिलं आहे.

ऋणनिर्देशात माझ्याविषयी जो परिच्छेद होता तोही काढशील. काढ. तो छान लिहिला होतास. ‘मॅडमनी मला माझ्याच गावाकडे नव्याने पाहायला शिकवलं’ असं त्यात होतं. मी तो वाचून एकदा बाथरूममध्ये जाऊन रडले होते, तुला सांगितलं नाही. त्या वेळी लेख संपादकांकडे जाऊन चार दिवस झाले होते.

तोंडी परीक्षेला घाबरू नकोस. बाहेरचे परीक्षक एकशे सहा झाडं खरंच आहेत का असं विचारतील. आकडा सांगू नकोस, झाडांची नावं सांगायला लाग. विसाव्या झाडापाशी ते थांबवतील.

हा शेवटचा सल्ला. यापुढे तो देण्याचा अधिकार दुसऱ्यांचा.

कमळा


भद्रावती
३ मार्च २०२५

रंजीता,

हे पत्र आलं तर वाच, नाही तर चुलीत घाल. उत्तर मागत नाही.

पदवी जाहीर झाल्याचं सोमाजीने कळवलं. शुक्रवारी प्रबंध भांडारात उघडला. मी कॉलेजच्या संगणकावर पाहिला. पहिल्या पानावर तुझं पूर्ण नाव, खाली तुझ्या नव्या मार्गदर्शक सरांचं. ते सज्जन गृहस्थ आहेत, त्यांनी एक शब्द बदलला नसेल. ऋणनिर्देश दोनदा वाचला. सोमाजीचं नाव आहे, वसतिगृहाच्या स्वयंपाकीणबाईंचं आहे. माझं नाही. आपण म्हणतो की तयारी होती, पण डोळे तरी शोधतातच.

चौथं प्रकरण उघडलं. आधी तिथे माझ्या सांगण्यावरून एक भलामोठा सैद्धांतिक परिच्छेद होता. तो तू काढलास, बरं केलंस. आता प्रकरण असं सुरू होतं: ‘सांगणार: बुधरी लालसू पुंगाटी. लिहून घेणार: तिची मुलगी.’ आणि लगेच झाडं. मी सगळी वाचली. तिचं हसणं कुठे यायचं ते मला ठाऊक आहे, त्या त्या जागी मी थांबत होते. संगणक बंद करायची वेळ झाली तेव्हा शिपाई येऊन उभा राहिला, आणि मॅडम रडतात हे आता कॉलेजभर झालं आहे.

माझं मार्गदर्शकपद काढून घेतलं. पदोन्नतीही. वर्ग आहेत, ते घेते. चौकशी समितीपुढे मला विचारलं, दबाव होता का? मी म्हटलं, नव्हता. अजून काही सांगायचं आहे का? मी म्हटलं, त्या बाईला शेवटपर्यंत वाटत होतं की तिचं नाव छापलं आहे, एवढं नोंदवून घ्या. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. नोंदवलं की नाही, माहीत नाही.

मी एटापल्लीकडे आता येणार नाही. तुझ्या बंद दारापुढे पुन्हा येऊन बसण्याचं बळ माझ्यात नाही. मला मुलगी नाही हे तुला माहीत होतं, आणि तू ते कधी बोलून दाखवलं नाहीस. मीही नाही. पण सात वर्षं माझ्या मनात ते होतं, आणि ते माझ्या हाताने गेलं. तुला एक आई होती आणि मी तिचंही नीट ठेवलं नाही.

सोमाजी परवा म्हणाला, “मॅडम, भांडारात प्रबंधासंगं चार मुख्य शब्द द्यावे लागतेत. लोक वनहक्क टाकतेत, संस्कृती टाकतेत. ह्या पोरीनं पह्यला शब्द आईचं नाव टाकला. असं अजून कोनी टाकलं नोतं.” मी घरी येऊन तपासलं. भांडारात मार्गदर्शकाच्या नावानेही शोधता येतं. माझं नाव टाकलं की अकरा प्रबंध येतात. तुझा त्यात येत नाही. त्यासाठी मी बुधरीबाईचं नाव टाकते.

कमळा